सगळ्यांनी नाद सोडला होता, पण या डॉक्टरने ब्लड कॅन्सरवर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून दाखवलं

अमुक मुलाला ब्लड कॅन्सर झालाय, बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचंय, डोनर मॅच होतोय का बघा. असे मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून येत असतात. कुणाला भावाचा मॅरो जुळतो, कुणासाठी परदेशातला डोनर सापडतो. महिना-दोन महिन्यांनी पेशंट घरी आल्याची बातमीही येते.

पण साठ वर्षांपूर्वी हाच उपाय डॉक्टर लोकांनी जवळपास निकालात काढला होता. १९५० आणि १९६० च्या दशकांत जगभरात सुमारे २०० पेशंटवर दुसऱ्याचा मॅरो देण्याचा प्रयोग झाला. कायमचं यश म्हणावं असं त्यातून जवळपास काहीच हाती लागलं नाही. एकामागून एक डॉक्टर या कामातून बाजूला झाले.

त्या काळात एका डॉक्टरने माणसांवरचे प्रयोग थांबवले, पण विषय सोडला नाही. तो परत लॅबमध्ये गेला, कुत्र्यांवर काम करत बसला, चूक कुठे होतेय ते शोधलं आणि काही वर्षांनी पुन्हा पेशंटकडे आला.

त्यांचं नाव डॉ. एडवर्ड डोनल थॉमस.

खेड्यातल्या डॉक्टरचा मुलगा

डोनल थॉमस यांचा जन्म १५ मार्च १९२० चा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मार्ट नावाचं छोटंसं गाव आहे, तिथला. वडील गावात डॉक्टरकी करायचे. डोनल जन्माला आले तेव्हा वडिलांनी पन्नाशी गाठली होती. आई शिक्षिका होती. गावाची शाळा इतकी लहान की शेवटच्या वर्गात जेमतेम पंधराएक पोरं. त्यातही डोनल फार हुशार म्हणून ओळखले जात होते असं काही नाही.

१९३७ साली ते ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात गेले. महामंदीचा काळ होता, खिशात पैसे नव्हते. फीसाठी पडेल ते काम करावं लागायचं. त्यातलंच एक काम म्हणजे मुलींच्या हॉस्टेलमध्ये वेटरचं.

१९४० च्या हिवाळ्यात ऑस्टिनमध्ये बर्फ पडला. तिकडे हे सहसा होत नाही, त्यामुळे पोरंपोरी बाहेर खेळायला आली. हॉस्टेलमधून बाहेर पडलेल्या डोनलच्या तोंडावर एका मुलीने बर्फाचा गोळा फेकून मारला. त्या मुलीचं नाव डोरोथी मार्टिन. सगळे तिला डॉटी म्हणायचे. ती पत्रकारिता शिकत होती. डिसेंबर १९४२ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पुढे डोनल डॉक्टरकी शिकायला बॉस्टनला हार्वर्डमध्ये गेले. नवऱ्याच्या कामात आपल्यालाही साथ देता यावी म्हणून डॉटीने पत्रकारिता सोडली आणि लॅब टेक्निशियनचं शिक्षण घेतलं. तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं ही जोडी एकाच लॅबमध्ये काम करत राहिली.

रक्ताचा कारखाना आणि बिघडलेलं बियाणं

१९४६ साली थॉमस डॉक्टर झाले. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिघम हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांना ल्युकेमियाचे पेशंट दिसायला लागले. ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक मुख्य प्रकार. त्या काळी तो झाला की महिन्यांचा हिशोब असायचा. १९४८ मध्ये बॉस्टनमधल्याच सिडनी फार्बर यांनी औषध देऊन लहान मुलांचा ल्युकेमिया काही काळ आटोक्यात आणता येतो हे दाखवलं होतं. पण तो परत यायचाच.

हा आजार सुरू कुठे होतो?

हाडांच्या पोकळीत मऊ लगदा असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणजेच बोन मॅरो म्हणतात. रक्ताचा कारखाना तो हाच. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स सगळं तिथे तयार होतं. आणि हे सगळं तयार करणाऱ्या मूळ पेशी म्हणजे स्टेम सेल. ल्युकेमियात या कारखान्याचं बियाणंच बिघडतं. बिघडलेल्या पांढऱ्या पेशी वाढत सुटतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही.

मग सगळा कारखानाच जाळून टाकला आणि दुसऱ्या माणसाचं चांगलं बियाणं पेरलं तर?

ही कल्पना यायला अणुबॉम्बही कारणीभूत ठरला. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर रेडिएशनने शरीराचं काय होतं यावर अमेरिकेत जोरात संशोधन सुरू झालं. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांना दिसलं की रेडिएशन देताना उंदराची प्लीहा शिशाने झाकली तर तो उंदीर वाचतो. १९५१ मध्ये दुसऱ्या एका गटाने रेडिएशननंतर उंदराला मॅरो टोचला, तरी तो वाचला. म्हणजे रेडिएशनने जळालेलं रक्त नव्या मॅरोतून पुन्हा उभं राहू शकत होतं.

थॉमस यांच्या डोक्यात हे पक्कं बसलं.

सहा पेशंट

१९५५ साली थॉमस न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाऊन या लहान गावातल्या मेरी इमोजीन बॅसेट हॉस्पिटलमध्ये आले. तिथे जोसेफ फेरेबी नावाचे डॉक्टर याच विषयात रस असलेले भेटले. दोघांनी एकीकडे कुत्र्यांवर आणि दुसरीकडे उपाय संपलेल्या पेशंटवर काम सुरू केलं.

मॅरो काढायची पद्धत तशी साधी. डोनरला भूल द्यायची, कमरेच्या हाडात सुया घालून मॅरो ओढून घ्यायचा आणि रक्त चढवतात तसा पेशंटच्या शिरेतून सोडायचा. स्टेम सेल रक्तातून फिरत आपोआप हाडात जाऊन बसतात. त्यासाठी पेशंटला कापावं लागत नाही.

१९५७ मध्ये त्यांनी सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या दोघांत डोनरचा मॅरो थोडा काळ रुजल्याच्या खुणा दिसल्या. पण शंभर दिवसांच्या आत सहाही पेशंट गेले.

१९५९ मध्ये त्यांनी ल्युकेमिया झालेल्या आणि हुबेहूब जुळं भावंड असलेल्या दोन मुलांवर उपचार केले. भरपूर रेडिएशन दिलं आणि जुळ्या भावंडाचा मॅरो चढवला. यावेळी मॅरो नीट रुजला, रक्त पुन्हा तयार व्हायला लागलं, मुलं घरी गेली. पण काही महिन्यांत ल्युकेमिया परत आला.

या दोन अनुभवांनी थॉमस यांच्यापुढे दोन वेगवेगळी कोडी टाकली. मॅरो परक्याचा असला तर पेशंट वाचत नव्हता. आणि अगदी जुळ्याचा असला तर कॅन्सर जात नव्हता. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे कळायला अजून वीस वर्षं जायची होती.

उलटी लढाई

किडनी बदलली की शरीर ती परकी म्हणून नाकारतं, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. मॅरोच्या बाबतीत ही भानगड दोन्ही बाजूंनी होते.

पेशंटची थोडी जरी प्रतिकारशक्ती शिल्लक राहिली तरी ती आलेला मॅरो मारून टाकते. आणि ती पूर्ण संपवली तर दुसरंच संकट येतं. मॅरो म्हणजे रक्ताचा कारखाना तसा सैन्याची छावणीही असते. डोनरच्या मॅरोबरोबर डोनरच्या टी-सेल म्हणजे सैनिक पेशी येतात. त्यांच्या दृष्टीने पेशंटचं सगळं शरीरच परकं. मग त्या पेशंटची त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर तुटून पडतात. पाहुणा येऊन घरमालकालाच मारहाण करतो, तसा प्रकार. या आजाराला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट म्हणतात.

युरोपातही हेच दिसत होतं. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. रेडिएशन झालेल्या लोकांना पॅरिसला नेलं आणि त्यातल्या पाच जणांना जॉर्ज माते यांनी दुसऱ्यांचा मॅरो दिला. चौघे वाचले. पण त्यांच्यात परका मॅरो टिकला नाही, त्यांचा स्वतःचाच मॅरो पुन्हा सुरू झाला. पुढे माते यांनी ल्युकेमियाच्या पेशंटवरही प्रयोग केले. पण भरवसा ठेवावा असा उपाय काही तयार होत नव्हता.

१९६० च्या सुरुवातीला बहुतेकांचं मत झालं की माणसामाणसांतली ही भिंत ओलांडणं शक्य नाही. थॉमस यांनीही दुसऱ्याचा मॅरो पेशंटला देणं जवळपास बंद केलं. ज्या लढाईचे नियमच माहीत नाहीत, तिच्यात आजारी माणसाला ढकलण्यात अर्थ नव्हता. आधी कुत्र्यांमध्ये हे जमवायचं, मग माणसांकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं.

कुत्र्यांनी दाखवलेली वाट

१९६३ साली थॉमस सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. त्यांचं कामही तिकडे हललं.

कुत्रेच का? लॅबमधले उंदीर पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच वाढवलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांच्या झेरॉक्स कॉपीसारखे असतात. कुत्रे तसे नसतात. माणसांसारखेच ते एकमेकांपासून वेगळे असतात आणि एका वेताला बरीच पिल्लं होतात. म्हणजे सख्ख्या भावंडांमध्ये कुणाचं कुणाशी जुळतं हे तपासता येतं.

दरम्यान फ्रान्सच्या जाँ दोसे आणि इतर शास्त्रज्ञांच्या कामातून माणसाच्या पांढऱ्या पेशींवरच्या खुणा सापडल्या होत्या. त्यांना एचएलए म्हणतात. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीर या खुणा बघून ठरवतं. आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच येतो. त्यामुळे सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

रॉबर्ट एपस्टाईन, रेनर स्टॉर्ब अशा सहकाऱ्यांना घेऊन थॉमस यांनी कुत्र्यांमधल्या अशाच खुणा ओळखायची पद्धत बसवली. १९६८ पर्यंत चित्र स्पष्ट झालं. न जुळणारा मॅरो दिला की कुत्रा मरायचा. जुळणाऱ्या भावंडाचा मॅरो दिला आणि नंतर काही दिवस मेथोट्रेक्सेट हे औषध थोडं थोडं दिलं, तर बरेच कुत्रे जगायचे. हे औषध नव्या सैनिक पेशींना जरा लगाम घालायचं.

आता माणसांकडे परत जाता येणार होतं.

शंभरातले तेरा

मार्च १९६९ मध्ये सिएटलच्या टीमने ल्युकेमियाच्या एका पेशंटला त्याच्या जुळणाऱ्या बहिणीचा मॅरो दिला. मॅरो छान रुजला. पण साधारण दोन महिन्यांनी फुफ्फुसातल्या विषाणूच्या संसर्गाने तो पेशंट गेला.

पुढची काही वर्षं अशीच होती. येणारे पेशंट म्हणजे सगळी औषधं करून थकलेले, शेवटच्या टप्प्यावरचे. मारक रेडिएशन, मग मॅरो, मग कित्येक आठवडे प्रतिकारशक्तीच नाही. साधा जंतूसुद्धा जीव घ्यायचा. प्लेटलेट्स चढवणं, अँटिबायोटिक्स, जंतूविरहित खोल्या, चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या नर्सेस, हे सगळं शिकत शिकत उभं करावं लागलं. इतके हाल करून उपयोग काय, असा प्रश्न बाहेरचे डॉक्टर विचारत होते.

१९७५ साली सिएटलमध्ये फ्रेड हचिन्सन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. विल्यम हचिन्सन या सर्जनने ते कॅन्सरने गेलेल्या आपल्या बेसबॉलपटू भावाच्या नावाने उभं केलं होतं. थॉमस यांची टीम तिथे गेली. डॉटी लॅब, पैसे, कागदपत्रं सगळं सांभाळायच्या. थॉमस यांचे शोधनिबंध त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसत.

१९७७ मध्ये टीमने एक मोठा अहवाल मांडला. औषधांना दाद न देणारे ल्युकेमियाचे १०० पेशंट. सगळ्यांना भावंडाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मॅरो दिलेला. त्यातले १३ जण एक ते साडेचार वर्षांनंतरही जिवंत होते आणि त्यांच्यात कॅन्सरचा मागमूस नव्हता.

शंभरात तेरा हा आकडा वाचायला लहान वाटतो. पण या शंभरातला एकही जगणार नाही, असं आधी धरलेलं होतं.

थॉमस यांनी त्यातून पुढचा मुद्दा काढला. पेशंट इतका खचेपर्यंत थांबायचंच कशाला? औषधांनी ल्युकेमिया पहिल्यांदा आटोक्यात येतो, तेव्हा शरीरात ताकद असते. तेव्हाच ट्रान्सप्लांट केलं तर? १९७९ मध्ये त्याचे आकडे आले. तीव्र ल्युकेमियाच्या एका प्रकारात असे निम्म्याहून जास्त पेशंट जगले होते.

शत्रूच कामाला आला

त्याच वर्षी वीस वर्षांपूर्वीच्या कोड्याचं उत्तरही मिळालं.

सिएटलच्या टीमने २४२ पेशंटचा हिशोब मांडला. काहींना जुळ्या भावंडाचा मॅरो दिला होता, काहींना जुळणाऱ्या भावाबहिणीचा. ज्यांना ग्राफ्ट व्हर्सेस होस्टचा बराच त्रास झाला होता, त्यांच्यात ल्युकेमिया परत येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा अडीच पटीने कमी निघालं.

म्हणजे पेशंटच्या शरीरावर तुटून पडणाऱ्या त्याच सैनिक पेशी लपून बसलेल्या कॅन्सर पेशींनाही शोधून मारत होत्या. जुळ्याचा मॅरो त्रास देत नव्हता, कारण त्याला पेशंटमध्ये काहीच परकं दिसत नव्हतं. म्हणूनच तो कॅन्सरलाही सोडून देत होता. १९५९ मधल्या त्या दोन मुलांचा ल्युकेमिया परत आला, त्यामागे हेही एक कारण होतं.

ब्रिटनमधल्या बार्न्स आणि लाउटिट यांनी उंदरांवर काम करताना १९५६ मध्येच असा अंदाज बांधला होता. आता माणसांमध्ये त्याचा पुरावा मिळाला. रेडिएशन आणि औषधं कॅन्सरचा बराचसा भाग मारतात, पण उरलेला भाग दुसऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती साफ करू शकते.

हे हत्यार दुधारी होतं, याची किंमतही मोजावी लागली. १९८० च्या दशकात अनेक ठिकाणी मॅरोमधल्या टी-सेल आधीच काढून टाकायचे प्रयोग झाले. त्रास कमी झाला, पण मॅरो न रुजण्याचं आणि कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलं. असे प्रयोग हचिन्सन सेंटरमध्येही झाले आणि त्यात पेशंट दगावले. २००१ मध्ये सिएटलच्या एका वर्तमानपत्राने त्यावर प्रश्न उभे केले. पेशंटना धोका नीट सांगितला होता का, सेंटरचे आणि थॉमस यांच्यासह काही डॉक्टरांचे संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते का, असा तो वाद होता. सेंटरने आरोप नाकारले. प्रकरण कोर्टात गेलं. २००४ मध्ये ज्यूरीने पेशंटना अंधारात ठेवल्याचा मुख्य आरोप मान्य केला नाही. पण प्रयोगात सहभागी होणाऱ्या पेशंटला काय आणि किती सांगायचं, ही चर्चा या निमित्ताने पुन्हा ऐरणीवर आली.

नात्यात डोनर नसेल तर?

चारातल्या तिघांना तरी एखाद्या भावंडाचा मॅरो जुळत नाही. त्यांचं काय?

१९७९ मध्ये सिएटलला १० वर्षांची एक मुलगी आली. घरात कुणाचाच मॅरो जुळत नव्हता. योगायोगाने सेंटरमध्येच काम करणाऱ्या एका व्यक्तीचा जुळला. ल्युकेमियासाठी नात्याबाहेरच्या माणसाचा मॅरो यशस्वीपणे रुजल्याचं हे पहिलं उदाहरण. पुढे दोनेक वर्षांनी आजार परत आला आणि ती मुलगी गेली. पण अनोळखी माणूसही डोनर होऊ शकतो, हे सिद्ध झालं होतं. तिच्या घरच्यांनी आणि इतरांनी पाठपुरावा केला आणि १९८६ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय डोनर नोंदणी उभी राहिली. आज जगभरात अशा नोंदण्या आहेत, भारतातही आहेत. थुंकीचा किंवा गालाच्या आतला नमुना देऊन नाव नोंदवायचं, ते याच कामासाठी.

सिएटलहून परळला

मॅरो ट्रान्सप्लांट शिकायला जगभरातले डॉक्टर सिएटलला यायचे. त्यात मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणीही होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवर असलेल्या अडवाणींनी थॉमस यांच्या सेंटरमध्ये हे तंत्र शिकून घेतलं. मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये ल्युकेमिया झालेल्या ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो देण्यात आला. भारतातलं हे पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मानलं जातं.

नोबेल आणि डॉटी

१९९० साली थॉमस यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. सोबत होते जोसेफ मरे, १९५४ मध्ये जुळ्या भावांमध्ये पहिली यशस्वी किडनी बदलणारे सर्जन. दोघेही बॉस्टनच्या त्याच हॉस्पिटलमध्ये एकेकाळी सोबत होते.

नोबेलच्या यादीत डॉटीचं नाव नव्हतं. पण या क्षेत्रातले लोक थॉमस यांना बोन मॅरो ट्रान्सप्लांटचे वडील म्हणायचे, तसं डॉटीला आई म्हणायचे.

२० ऑक्टोबर २०१२ रोजी सिएटलमध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी थॉमस गेले. त्याच वर्षाच्या शेवटी जगभरातल्या स्टेम सेल ट्रान्सप्लांटचा आकडा १० लाखांच्या घरात पोहोचला. २०१५ च्या जानेवारीत डॉटीही गेल्या.

आज मॅरो कमरेतून काढण्याऐवजी बऱ्याचदा हातातल्या रक्तातूनच स्टेम सेल गोळा करतात. अर्धवट जुळणारे आई-वडीलही डोनर होऊ शकतात. आणि पेशंटच्याच टी-सेल बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायची कार टी-सेल थेरपीही आली आहे. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या अशा भारतीय थेरपीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. टी-सेल ल्युकेमिया मारू शकतात, याचा माणसांमधला एक भक्कम पुरावा १९७९ मध्ये सिएटलच्या त्या २४२ पेशंटच्या हिशोबातून मिळाला होता.

१९५७ मधले ते सहा पेशंट मात्र यातलं काहीच बघू शकले नाहीत. पण ते का गेले, हे शोधायला थॉमस परत लॅबमध्ये गेले, म्हणून पुढचे लाखो पेशंट वाचू शकले.